कळफलकावरील वर्णमाला

टाइपरायटरचा काळ संपला. संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर गोदरेजच्या कारखान्यांतून १९५५ सालीं बाहेर पडला, आणि २०११ सालीं त्याच कारखान्याचीं उरलेलीं शेवटचीं यंत्रें विकलीं जात असल्याचें वृत्त सर्वत्र छापून आलें. आपल्या शहरांत गुलमंडी, औरंगपुरा या बाजूंनीं जातांना माडीवरच्या वर्गांतून जो टकटकाट ऐकूं येत असे, तो आतां येत नाहीं. परीक्षाही संगणकावर होतात. परंतु यंत्र गेलें तरी त्याची वहिवाट गेलेली नाहीं. नव्या निःशब्द कळफलकापुढें बसलेलीं मुलें बहुधा त्या जुन्या रेमिंग्टनच्या क्रमानेंच बोटें चालवितात. आणि जीं वर्गांत गेलींच नाहींत तीं मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून यंत्राकडून त्याचें देवनागरी करून घेतात. या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी रचना आहे. तिचें नांव इन्स्क्रिप्ट. ती बहुतेक प्रत्येक संगणकांत विनामूल्य पडून असते, आणि संस्कृत व्याकरणाचीं चार पानें ज्यानें कधीं काळीं मन लावून वाचलीं असतील त्याला ती निम्मी आधींच येत असते. ती आपल्या घरांतून, विशेषतः साठी उलटलेल्या मंडळींनीं, शिकून घ्यावी असें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

रेमिंग्टनचा क्रम कोणी अविचारानें बसविला असें मात्र कोणीं समजूं नये. लोखंडी यंत्रांत कळा पन्नासांच्या आंत, आणि प्रत्येक कळेवर ठसे दोन. तेवढ्यांत बाराखडी व सारीं जोडाक्षरें बसवावयाचीं. म्हणून ख, ध, भ यांसारख्या अक्षरांचा काना तोडून वेगळा ठेवावा लागला. आधीं अर्धें अक्षर उमटवावें, मग काना जोडावा, कीं अक्षर पुरें होई. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधीं. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून तो मागाहून. 'धर्म' लिहावयाचा तर अर्धा ध, काना, म, आणि सर्वांत शेवटीं रफार. हें चित्रकाराचें लेखन झालें. डोळ्यास जें दिसतें त्या क्रमानें हात चालतो. कानास जें ऐकूं येतें त्याच्याशीं हाताचा संबंध राहत नाहीं. यंत्रास दुसरा मार्ग नव्हता, आणि ज्यांनीं त्यावर मिनिटास चाळीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण केली त्यांचें कौशल्य मोठेंच होतें. पण लोखंड गेल्यावर लोखंडाच्या अडचणी बोटांनीं कां बाळगाव्या?

इंग्रजीची हकीकतही अशीच आहे. अमेरिकेंत शोल्स नांवाच्या गृहस्थानें बसविलेलें यंत्र बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं बाजारांत आणिलें, आणि त्याचा अक्षरक्रम थोड्या फेरफारानें जगभर रूढ झाला. पुढें ऑगस्ट ड्वोरॅक या प्राध्यापकानें पांचही इंग्रजी स्वर डाव्या हाताखालीं, मधल्या ओळींत, ठेवून नवी रचना केली. तिचें पेटंट त्यास १९३६ सालीं मिळालें. जुनी सोयीची कीं नवी, हा वाद अजून मिटलेला नाहीं. लोक मात्र जुन्याच वाटेनें गेले. आपल्याकडे गोष्ट थोडी निराळी घडली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालें व १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट ही प्रमाण रचना ठरविली, आणि १९९१ सालीं ती भारतीय मानकांत समाविष्ट झाली. म्हणजे सरकारी मान्यता नव्या रचनेस, आणि लोकांचीं बोटें जुन्या रचनेवर. विचित्र खरें, पण मान्यतेनें संवय बदलत नाहीं.

आतां रचना पाहूं. वाचकांनीं शक्य असल्यास कळफलक समोर घ्यावा.

डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनें. बोटें जिच्यावर विसावतात त्या मधल्या ओळींत डावीकडून ओकार, एकार, हलन्ताची खूण, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार. त्यांच्या लगतच वरच्या ओळींत, त्याच क्रमानें, औकार, ऐकार, काना, दीर्घ वेलांटी, दीर्घ उकार. ऱ्हस्वाच्या डोक्यावर दीर्घ, गुणाच्या डोक्यावर वृद्धि! शिफ्टसह तीच कळ दाबली कीं मात्रेच्या जागीं पूर्ण स्वर उमटतो. वेलांटीच्या कळेवर इ, उकाराच्या कळेवर उ. मग हलन्ताच्या कळेवर शिफ्टसह काय मिळावें? तेथें अ आहे. व्यंजनाच्या पोटांतला अ काढून टाकणारी खूण आणि स्वतः अ, हीं एकाच कळेचीं दोन रूपें आहेत. ज्यानें ही योजना केली त्यानें व्यंजन म्हणजे काय याचा नीट विचार केला होता, एवढें मान्य करावेंच लागतें.

उजव्या हाताकडे याहूनही मौज आहे. मधल्या ओळींत प, र, क, त, च, ट. क च्या कळेवर शिफ्टसह ख. तिच्या वर, किंचित् डावीकडे, ग. आणि ग वर शिफ्टसह घ. याच रीतीनें त-थ आणि वर द-ध. प-फ आणि वर ब-भ. च-छ आणि वर ज-झ. ट-ठ आणि वर ड-ढ. खालची ओळ अघोषांची, वरची घोषांची, आणि शिफ्ट म्हणजे महाप्राण. पांच वर्गांचीं वीस व्यंजनें दहा कळांवर बसलीं आहेत. पण दहा कळा देखील पाठ करावयाच्या नाहींत, पांच जागा लक्षांत ठेवल्या कीं पुरे. उरलेलें काम व्याकरण करतें.

जश्त्व संधि शाळेंत शिकतांना कितीकांस कंटाळा येतो. वाक् आणि ईश मिळून वागीश. जगत् आणि ईश मिळून जगदीश. षट् आणि आनन मिळून षडानन. अच् आणि अन्त मिळून अजन्त. अप् पासून जन्मलेलें तें अब्ज. या कळफलकावर हे पांचही शब्द लिहून पाहावे. क चा ग, त चा द, ट चा ड, च चा ज, प चा ब होतांना प्रत्येक वेळीं बोट तीच एक पायरी वर चढतें. नियम पाठ नसला तरी बोटास तो कळतो. असें साधन वर्गांत हाताशीं असतें तर मागच्या बांकावरच्या मुलांनाही संधि कंटाळवाणा वाटला नसता, असें मला अनेकदां वाटून गेलें.

शिकण्याचा क्रम सांगतों. इंग्रजी एफ व जे या कळांवर लहानसे उंचवटे असतात. त्यांवर दोन्ही तर्जनी ठेवाव्या. म्हणजे डावी तर्जनी ऱ्हस्व वेलांटीवर व उजवी र वर येते. पहिला आठवडा मधल्या ओळीबाहेर जाऊंच नये. तेवढ्यांतही शब्द थोडे नाहींत: पुत्र, चतुर, चरित्र, रिपु, टोप, कोट, चकोर आहे आणि चोरही आहे. जोडाक्षरासाठीं दोन व्यंजनांमध्यें हलन्ताची कळ दाबावयाची, म्हणून पहिल्याच दिवशीं 'पुत्र' लिहितां येतो. दुसऱ्या आठवड्यांत वरची ओळ घ्यावी; काना येथेंच असल्यामुळें भाषा एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते. मग खालची ओळ, आणि शिफ्ट शेवटीं. शिफ्टचा नियम असा कीं, अक्षर उजव्या हाताचें असेल तर शिफ्ट डाव्या करंगळीनें दाबावी, आणि डाव्या हाताचें असेल तर उजव्या करंगळीनें. आरंभीं करंगळ्या दुखतात. साठीनंतर त्या जास्त दुखतात हें लपविण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच एका बैठकीस अर्धा तास पुरे. प्रस्तुत लेखकानें रोज सकाळीं तेवढाच वेळ दिला, आणि दीड महिन्याच्या सुमारास एक साधें पत्र कळांकडे न पाहतां लिहितां येऊं लागलें. त्याला वेग म्हणतां येणार नाहीं. पण टाक बोरूनें लिहिणाऱ्यांना वेगाची इतकी घाई कधीं होती?

कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या लावूं नयेत. नजर खालीं गेली कीं बोटें आळशी होतात. त्यापेक्षां रचनेचा कागद समोर भिंतीवर लावावा व हातांवर पातळ रुमाल टाकावा. आणि सरावासाठीं वृत्तपत्रांतील उतारा घेण्यापेक्षां पाठ असलेलें एखादें स्तोत्र घ्यावें. एक तर कागदाकडे पाहावें लागत नाहीं; दुसरें, स्तोत्रांत जोडाक्षरांचा तोटा नसतो; आणि तिसरें, जें मुखानें म्हणतों तेंच बोटें करतात, हा या रचनेचा खरा विशेष तेथें अनुभवास येतो.

कारण इन्स्क्रिप्टमध्यें लेखन उच्चाराच्या क्रमानें होतें. 'धर्म' म्हणजे ध, र, हलन्त, म. रफार कोठें बसवावयाचा तें यंत्र पाहून घेतें. 'कवि' म्हणजे क, व, मग वेलांटी. ती कागदावर डावीकडे दिसली तरी उच्चारांत मागाहूनच येते. ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. (या दोहोंसाठीं अंकांच्या ओळींत शिफ्टसह तयार कळाही आहेत, पण अक्षर घडवून लिहिण्यांत गोडी आहे.) 'आशीर्वाद' हा शब्द मंगलपत्रिकांतून 'आर्शिवाद' असा छापलेला सर्वांनीं पाहिला असेल. डोळ्यास रफार कोठें तरी मध्यें आहे एवढेंच आठवतें आणि तो चुकीच्या अक्षरावर चढतो. येथें लिहिणारास आ, श, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, व असेंच जावें लागतें. तोंडानें शुद्ध म्हणणारा हातानें अशुद्ध लिहूंच शकत नाहीं, निदान ती चूक करूं शकत नाहीं.

मराठीचें आणखी एक वैशिष्ट्य या रचनेनें सांभाळलें आहे. साधा र, हलन्त, य यांनीं 'र्य' होतो. र च्या कळेवर शिफ्टसह जो ऱ आहे त्यानें 'ऱ्य' होतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरांतल्या. आचार्यांस दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांस मजुरी. एका लग्नाच्या यादींत हे दोघे एकत्र आले तर काय होईल याची कल्पना कार्य केलेल्या यजमानास सहज येईल.

रोमनच्या मार्गाविषयीं मात्र थोडें स्पष्ट बोललें पाहिजे, कारण घरांतल्या मुलांचा प्रश्न येथेंच आहे. रोमनांत ळ नाहीं, ण नाहीं, आणि ऱ्हस्वदीर्घाचा निश्चय नाहीं. मूल रोमन अक्षरें दाबतें. यंत्र अंदाजानें वेळ कीं वेल, गाळ कीं गाल, मण कीं मन, सुत कीं सूत, दिन कीं दीन अशी यादी पुढें करतें. आणि मूल बहुधा पहिलें असेल तें उचलतें. निवड यंत्राची होते व हळूहळू मुलाच्या कानालाच फरक नकोसा होतो. 'पाणी' लिहावयाचें म्हणून ज्या मुलाचें बोट ण कडे गेलें त्यानें ण चा विचार एकदां तरी केला. ज्याचें बोट एनकडे गेलें त्यानें तो केलाच नाहीं. आमच्या घरांत शुद्ध बोललें जातें, तेव्हां चिंता नाहीं, असें कोणी म्हणतील. पण हल्लीं मुलें घरांत बोलतात किती आणि लिहितात किती, याचा हिशेब त्यांनीं एकदां करून पाहावा. परदेशांत वाढणाऱ्या नातवंडांना रोमनमधून कां होईना मराठींत चार ओळी लिहाव्याशा वाटतात हें थोडें नव्हे. त्यांना अडवूं नये. येथें राहणाऱ्या मुलांना ती सबब नाहीं.

ज्यांच्या घरीं जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत त्यांनीं अि, अी, अु अशीं रूपें पाहिलीं असतील. ही सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळींतील 'अ'ची बाराखडी. छपाईचे ठसे कमी व्हावे हा तींतील एक हेतु होता. पुढें १९५३ सालीं लखनौ येथील परिषदेनें ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे न्यावी असें ठरविलें. तें टिकलें नाहीं. या सर्व खटपटींमागें एकच विचार होता: यंत्र बदलत नाहीं, तेव्हां लिपीनें वांकावें. त्या काळीं तो विचार अगदीं व्यवहारी होता, त्याची थट्टा करूं नये. इन्स्क्रिप्टच्या वेळीं मात्र पारडें फिरलें. लिपी होती तशी राहिली, आणि वांकावें लागलें तें यंत्रास.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें पंचवीसएक वर्षांपूर्वीं आपला कुलवृत्तांत एका दुकानांत टंकलिखित करून घेतला. छापील प्रती संपल्या. पुढची आवृत्ति काढावी म्हणून जपून ठेवलेली तबकडी संगणकांत घातली, तर पडद्यावर पानेंच्या पानें इंग्रजी अक्षरांचा निरर्थक भरणा! त्या काळच्या मराठी ठशांची रीत अशी होती कीं, आंत सांठवावयाचें इंग्रजी अक्षर आणि वर दाखवावयाचें मराठी चित्र. ते ठसे ज्या संगणकांत नाहींत तेथें चित्र नाहींसें होतें व मागचें अक्षर उघडें पडतें. आतां यूनिकोड पद्धतींत प्रत्येक वर्णास त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. क हा जगांत कोठेंही क च राहतो. (रेमिंग्टनच्या क्रमानें लिहूनही आतां यूनिकोड मजकूर तयार करतां येतो, हा दोष ठशांचा होता, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे.) जुन्या मजकुराचें रूपांतर करणाऱ्या युक्त्या आहेत, त्या या मंडळींनींही वापरल्या. पण जुना मजकूर चित्राच्या क्रमाचा आणि नवा उच्चाराच्या क्रमाचा. त्यामुळें वेलांट्या व रफार जागोजाग भलत्या अक्षरांवर बसले. कुलवृत्तांतांत नांव चुकलें म्हणजे माणूसच चुकला. सध्यां त्या घरच्या सासूबाई जुनी प्रत वाचून दाखवितात व सूनबाई इन्स्क्रिप्टवर पुन्हां लिहितात. मागच्या आवृत्तींत गाळलेलीं सुनांचीं माहेरचीं नांवेंही त्या दोघी आतां घालीत आहेत.

रचना निर्दोष आहे असें नाहीं. वर्गांचे चार वर्ण इतके नेटके बसविले, आणि पांचवा अनुनासिक मात्र जिकडे जागा मिळाली तिकडे टाकला. न व म डाव्या हाताच्या खालच्या ओळींत. ङ हा ह च्या कळेवर. ञ पार उजव्या कोपऱ्यांत. आणि ण, ज्यावांचून मराठीचें पान हलत नाहीं, तो न च्या कळेवर नसून म च्या कळेवर शिफ्टसह. याचें कारण मला तरी पटलेलें नाहीं. ळ हा ल च्या कळेवर आणि श हा स च्या कळेवर आहे, तें ठीक. नुक्त्याला स्वतंत्र कळ दिली आहे. आपल्या शहराच्या बोलींत उर्दूंतून आलेले शब्द पुष्कळ असले तरी मराठी लेखनास ती कळ लागत नाहीं, ती ण ला मिळाली असती तर बरें झालें असतें. पण सर्व भारतीय लिप्यांसाठीं एकच रचना ठेवल्यामुळें अशी तडजोड आलीच. त्याचा लाभही आहे. तेलुगु, कन्नड, गुजराती यांचा क याच कळेवर असतो. हैदराबादेस किंवा बंगळूरास स्थायिक झालेल्या मुलाबाळांस तेथील लिपि ओळखतां येऊं लागली कीं बोटांना नवें फारसें कांहीं शिकावें लागत नाहीं.

या वयांत हें कसें जमावें, असें म्हणणाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. त्या पिढींतील आपले वाडवडील शाळेंत उर्दू शिकले, घरीं बालबोध वाचीत, आणि जुनीं कागदपत्रें काढावीं लागलीं तर मोडीही लावीत. तीन लिप्या, आणि त्यांपैकीं एक उजवीकडून डावीकडे. तें त्यांनीं पराक्रम म्हणून केलें नाहीं. गरज होती म्हणून केलें.

संगणकाच्या भाषांच्या यादींत मराठी जोडली कीं ही रचना हातीं येते. घरांतील कोणाही तरुणाकडून तेवढें करून घ्यावें. ज्या मुलांना नोकरीसाठीं मराठी टंकलेखनाचें तीस वा चाळीस शब्दांचें प्रमाणपत्र हवें आहे त्यांनीं मात्र आधीं आपल्या परीक्षेस कोणता कळफलक लागतो तें विचारून घ्यावें. वर्गांतून बहुधा रेमिंग्टनच शिकवितात, आणि दोन्ही क्रम एकाच वेळीं शिकूं गेल्यास बोटें गोंधळतात. प्रमाणपत्र हातीं येईपर्यंत एकच क्रम धरावा. त्यानंतर इन्स्क्रिप्टसाठीं रोज अर्ध्या तासाप्रमाणें दीड-दोन महिने काढले म्हणजे पुरतात.